विश्लेषण : जोडणीची सुरुवात सर्वात दूरच्या खेड्यापासून करा, असा आग्रह विक्रम साराभाईंनी का धरला?

गावागावांत ब्रॉडबँड पोहोचवण्याच्या योजनांची चर्चा सुरू झाली की ऑप्टिकल फायबर, उपग्रह, निधी आणि मुदतवाढ हे शब्द पाठोपाठ येतात. या चर्चेच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र इंटरनेटच्या आधीचा आहे. नवे संपर्कतंत्र आधी शहरात आणून मग सवडीने खेड्यात न्यायचे, की खेडे डोळ्यांसमोर ठेवूनच त्याची आखणी करायची? भारतीय अवकाश कार्यक्रमाचे जनक डॉ. विक्रम साराभाई यांनी साठच्या दशकात या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर दिले होते. त्या उत्तराची परीक्षा झाली ती त्यांच्या मृत्यूनंतर, आणि तीही जेमतेम एक वर्ष. साराभाईंचे आयुष्य, त्यांचा हिशेब आणि त्या एका वर्षाचे धडे यांविषयी...

गिरणीमालकाचा मुलगा विज्ञानाकडे कसा वळला?

विक्रम साराभाई यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादमध्ये झाला. वडील अंबालाल साराभाई हे कॅलिको मिलचे मालक आणि शहरातील बडे उद्योगपती. आई सरलादेवींनी आठ मुलांसाठी घरातच माँटेसरी पद्धतीची शाळा चालवली. संपत्ती होती, तशी मतभेदांची मोकळीकही होती. विक्रम यांच्या जन्माच्या आदल्या वर्षी, १९१८ मध्ये अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी महात्मा गांधींच्या नेतृत्वाखाली संप केला. तेव्हा मालकांच्या बाजूने अंबालाल उभे होते, तर कामगारांच्या बाजूने त्यांची सख्खी बहीण अनसूया साराभाई. पुढे विक्रम यांची थोरली बहीण मृदुला स्वातंत्र्य चळवळीत उतरली. अशा घरात वाढलेल्या मुलाने गिरणीची गादी सांभाळण्याऐवजी भौतिकशास्त्र निवडले, यात कुणालाच फारसे आश्चर्य वाटले नाही.

गुजरात कॉलेजातून ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजमध्ये गेले आणि १९४० मध्ये त्यांनी तेथील पदवी परीक्षा पूर्ण केली. दुसऱ्या महायुद्धामुळे मायदेशी परतावे लागले, तेव्हा बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विश्वकिरणांचा अभ्यास सुरू केला. त्याच काळात तेथे होमी भाभाही होते. १९४२ मध्ये नृत्यांगना मृणालिनी स्वामिनाथन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. युद्ध संपल्यावर ते पुन्हा केंब्रिजला गेले आणि उष्ण कटिबंधातील विश्वकिरणांवरील प्रबंधासाठी १९४७ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

विश्वकिरणांच्या संशोधनाची एक खासियत आहे. एका जागी बसून ते पूर्ण होत नाही. वेगवेगळ्या अक्षांशांवर आणि वेगवेगळ्या उंचीवर एकाच वेळी मोजमाप करावे लागते आणि सगळ्या नोंदी एकत्र आणून त्यांचा अर्थ लावावा लागतो. दूरदूरच्या ठिकाणांना एका सूत्रात बांधण्याचा विचार साराभाईंच्या कामात असा अगदी तरुणपणापासून होता.

अहमदाबादने त्यांना काय शिकवले?

परतल्यावर ११ नोव्हेंबर १९४७ रोजी त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, म्हणजे पीआरएल, स्थापन केली. तेव्हा ते २८ वर्षांचे होते. प्रयोगशाळेची धुरा ज्येष्ठ हवामानशास्त्रज्ञ के. आर. रामनाथन यांच्याकडे सोपवली. त्याच वर्षी कापड गिरण्यांसाठी ‘अटिरा’ ही संशोधन संस्थाही आकाराला आली. पुढे बाजार संशोधनासाठी ओआरजी आणि १९६१ मध्ये अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आयआयएम, यांच्या उभारणीतही त्यांचा पुढाकार होता.

संस्थांची ही यादी अनेकदा केवळ कौतुकाने सांगितली जाते. तिचा खेड्यांतील संपर्काशी संबंध आहे, तो ‘अटिरा’मुळे. गिरण्यांत तेव्हा कापसाचा आणि सुताचा दर्जा अनुभवी माणसाच्या हाताच्या स्पर्शावर आणि नजरेवर ठरे. मोजमापाची यंत्रे आणली म्हणून कुणी ती वापरायला लागत नाही, हे साराभाईंनी तेथे पाहिले. यंत्राइतकाच विचार ते वापरणाऱ्या माणसाचा, त्याच्या सवयींचा आणि त्याच्या भीतीचा करावा लागतो. म्हणूनच ‘अटिरा’त अभियंत्यांच्या जोडीला मानसशास्त्राचे अभ्यासकही होते. नवे तंत्र आणण्याआधी लोकांना काय हवे आहे ते विचारायचे आणि आणल्यानंतर त्याचा परिणाम मोजायचा, ही शिस्त त्यांनी कापड गिरण्यांत आत्मसात केली. ती पुढे उपग्रहाच्या कामात उतरली.

थुंबापासून सुरुवात का झाली?

१९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि अवकाश संशोधनाचे युग सुरू झाले. १९६२ मध्ये भारतात अवकाश संशोधनासाठी ‘इन्कोस्पार’ ही राष्ट्रीय समिती नेमण्यात आली आणि अध्यक्षपद साराभाईंकडे आले. पहिली गरज होती अग्निबाण सोडण्याच्या जागेची. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त केरळच्या किनाऱ्यावरील थुंबा या मच्छीमारांच्या गावाजवळून जाते. वातावरणाच्या वरच्या थरांतील विद्युतप्रवाहांच्या अभ्यासासाठी ती जागा योग्य होती. जागेच्या शोधात साराभाईंसोबत काम करणाऱ्यांमध्ये कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस होते. तेथील चर्चची वास्तू आणि परिसर बिशपांनी व ग्रामस्थांनी या कामासाठी दिला. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी थुंबाहून पहिला अग्निबाण उडाला. अग्निबाण अमेरिकेचा होता आणि त्यातील उपकरण फ्रान्सचे.

गरीब देशाला हे परवडते का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. साराभाईंची भूमिका सरळ होती. चंद्रावर माणूस पाठवण्याच्या शर्यतीत भारताने उतरण्याचे कारण नाही. पण हवामानाचा अंदाज, नैसर्गिक साधनसंपत्तीची पाहणी आणि दळणवळण या देशाच्या रोजच्या गरजा आहेत, आणि त्यांसाठी प्रगत तंत्रज्ञान वापरण्यात भारताने कुणाच्याही मागे राहू नये. यातील दळणवळणाच्या मुद्द्याला त्यांनी पुढील काही वर्षे वाहून घेतले.

खेड्यांसाठी उपग्रह, हे गणित कसे मांडले?

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी टीव्हीचे प्रायोगिक प्रसारण सुरू झाले होते. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत ते दिल्लीपुरतेच होते. पुढचा मार्ग जगाने आखून दिलेला होता. आधी महानगरांत प्रक्षेपण केंद्रे, मग ती सूक्ष्मलहरी मनोऱ्यांच्या साखळीने जोडायची, मग जिल्ह्याची शहरे आणि सर्वात शेवटी खेडी. साराभाईंचा आक्षेप या क्रमालाच होता.

त्यांचा हिशेब असा होता. जमिनीवरील मनोऱ्यांना एकमेकांची सरळ दृष्टिरेषा लागते, त्यामुळे दर काही दहा किलोमीटरवर नवा मनोरा उभारावा लागतो. प्रक्षेपण केंद्राचा आवाकाही मर्यादित असतो. म्हणजे अंतर वाढेल तसा खर्च वाढतो. दाट वस्तीत तो अनेकांत वाटला जातो, तर विरळ वस्तीत, डोंगरात, जंगलात तो मोजक्या लोकांवर पडतो. साहजिकच दूरचे गाव नेहमीच महाग ठरते आणि रांगेत शेवटी उभे राहते. उपग्रह हे समीकरण उलटे करतो. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरचा भूस्थिर उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याच्या गतीनेच फिरतो, म्हणून तो आकाशात एका जागी स्थिर दिसतो. त्याच्या दृष्टीने दिल्ली आणि बस्तरमधील पाडा यांच्या अंतरात काहीच फरक नाही. एकदा उपग्रह वर गेला की प्रत्येक नव्या गावाचा खर्च फक्त त्या गावातील अँटेना आणि संचाचा.

साऱ्या देशासाठी केवळ उपग्रहच वापरावा, असे मात्र त्यांचे म्हणणे नव्हते. दाट वस्तीच्या भागात जमिनीवरील प्रक्षेपण केंद्र आणि विखुरलेल्या खेड्यांसाठी उपग्रहावरून थेट ग्रहण, अशी मिश्र रचना सर्वात स्वस्त पडते, असे भारत आणि अमेरिकेतील तज्ज्ञांच्या अभ्यासांतून पुढे आले. नोव्हेंबर १९६९ मध्ये दिल्लीतील एका परिषदेत विकासासाठी दूरचित्रवाणी या विषयावर निबंध सादर करताना साराभाईंनी दहा वर्षांत देशाच्या सुमारे ८० टक्के लोकसंख्येपर्यंत टीव्ही नेण्याचे उद्दिष्ट मांडले. देशात तेव्हा साडेपाच लाखांहून अधिक खेडी होती आणि बहुतेकांत वर्तमानपत्रही नियमित पोहोचत नव्हते. प्रगत देश ज्या पायऱ्या चढून आले त्या सगळ्या चढण्याची गरज नाही, मधल्या पायऱ्या ओलांडता येतात, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. खेड्यात माहिती, शिक्षण आणि करमणूक मिळाली तर हुशार माणसांना गाव सोडावे लागणार नाही, हीदेखील त्यांची अपेक्षा होती.

आधी ८० गावांत प्रयोग कशासाठी?

हिशेब कागदावर पटला तरी शेतकरी टीव्ही पाहून काही शिकेल का, हे कुणालाच ठाऊक नव्हते. त्यासाठी अणुऊर्जा विभाग, भारतीय कृषी संशोधन संस्था, आकाशवाणी आणि दिल्ली प्रशासन यांनी मिळून एक प्रयोग केला. २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीच्या परिसरातील ८० गावांत सामुदायिक टीव्ही संच बसवून ‘कृषिदर्शन’ सुरू झाले. होमी भाभांच्या जानेवारी १९६६ मधील अपघाती मृत्यूनंतर साराभाईंकडे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद आले होते, त्यामुळे हे घडवून आणणे त्यांना शक्य झाले.

दुसरी तयारी माणसांची होती. १९६७ मध्ये अहमदाबादला संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने प्रायोगिक उपग्रह दळणवळण भूकेंद्र सुरू झाले. भारताचा स्वतःचा एकही उपग्रह नसताना हे केंद्र उभारण्यात आले, कारण उपग्रह येईपर्यंत तो वापरणारे अभियंते घडायला हवे होते. तेथे घडलेल्या मनुष्यबळाचा उपयोग महाराष्ट्रालाही झाला. पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळच्या आर्वी येथे परदेशांशी उपग्रहाद्वारे दळणवळणासाठी मोठे भूकेंद्र उभारण्यात आले, त्याला पुढे ‘विक्रम’ हेच नाव मिळाले. हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनीही १९६७ मध्येच स्थापन झाली. खेड्यांसाठीचे संच तिनेच पुढे तयार केले.

‘नासा’शी झालेला करार काय होता?

अमेरिकेची ‘नासा’ संस्था ‘एटीएस’ मालिकेतील एक प्रायोगिक उपग्रह बांधत होती. त्याची अँटेना सुमारे नऊ मीटर व्यासाची, छत्रीसारखी अवकाशात उलगडणारी होती. त्यामुळे त्याचे संदेश जमिनीवर इतक्या जोमाने पोहोचणार होते की ते पकडायला गावात प्रचंड तबकडी लागणार नव्हती. १८ सप्टेंबर १९६९ रोजी भारताचा अणुऊर्जा विभाग आणि ‘नासा’ यांच्यात करार झाला. अमेरिकेने एक वर्ष उपग्रह वापरायला द्यायचा. भूकेंद्रे, गावांतील संच, कार्यक्रम आणि मूल्यमापन ही सारी जबाबदारी भारताची. या प्रयोगाचे नाव ‘साइट’, म्हणजे उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग.

करारापूर्वी महिनाभर आधी, १५ ऑगस्ट १९६९ रोजी, ‘इस्रो’ची स्थापना झाली होती. १९७० मध्ये साराभाईंनी अणुऊर्जा आणि अवकाश संशोधनाचा दहा वर्षांचा आराखडा प्रसिद्ध केला. अणुऊर्जा, अवकाश, इलेक्ट्रॉनिक्स अशी अनेक खाती एकाच माणसाच्या खांद्यावर होती. अहमदाबाद, मुंबई, दिल्ली आणि थुंबा अशी त्यांची सतत धावपळ चाले. ३० डिसेंबर १९७१ च्या सकाळी केरळमधील कोवळम येथे मुक्कामाच्या खोलीत ते मृतावस्थेत आढळले. हृदयविकाराने झोपेतच त्यांचा मृत्यू झाला होता. वय अवघे ५२. ज्या खेड्यांसाठी त्यांनी हा सारा खटाटोप केला, त्यांतील एकाही गावात अद्याप उपग्रहाचे चित्र उमटले नव्हते.

त्यांच्या पश्चात प्रयोग प्रत्यक्षात कसा आला?

‘इस्रो’ची धुरा १९७२ मध्ये सतीश धवन यांच्याकडे आली. ‘साइट’ची जबाबदारी अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रावर होती, त्याचे संचालक यशपाल होते आणि प्रकल्पाचे व्यवस्थापन चिटणीस यांच्याकडे होते. एटीएस-६ उपग्रह ३० मे १९७४ रोजी प्रक्षेपित झाला. पहिले वर्ष अमेरिकेत वापरल्यानंतर तो पूर्व आफ्रिकेच्या वर सरकवण्यात आला, तेथून भारत त्याच्या टप्प्यात आला. १ ऑगस्ट १९७५ रोजी प्रसारण सुरू झाले.

आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान या सहा राज्यांतील २० जिल्ह्यांत सुमारे २४०० गावे निवडण्यात आली होती. निवडीचा निकष मागासलेपणा हा होता. त्यामुळे यादीत विजापूर, गुलबर्गा, रायचूर होते, रायपूर आणि बिलासपूर होते, संबलपूर आणि ढेंकानाल होते. महाराष्ट्र या यादीत नव्हता. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ पासून टीव्ही सुरू झालेला होता. प्रत्येक गावात शाळेजवळ किंवा पंचायतीच्या आवारात तारेच्या जाळीची सुमारे तीन मीटर व्यासाची तबकडी आणि एक संच बसवण्यात आला. जेथे वीज नव्हती अशा काही गावांत संच बॅटरीवर चालवले गेले. दिवसाला चार तास कार्यक्रम असत. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. हिंदी, कन्नड, तेलुगू आणि ओडिया या भाषांत ते होत. एकाच चित्रासोबत दोन ध्वनिवाहिन्या पाठवता येत असल्याने तेच चित्र कर्नाटकात कन्नडमधून आणि आंध्रात तेलुगूमधून ऐकू येई. सुटीच्या काळात याच यंत्रणेतून सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षण झाले.

प्रयोगाची खरी कसोटी संच चालू ठेवण्यात होती. धूळ, पाऊस, विजेच्या दाबातील चढउतार आणि कच्चे रस्ते यांतून हजारो संच वर्षभर टिकवायचे होते. त्यासाठी जिल्ह्यांत देखभाल केंद्रे, सुट्या भागांचा साठा आणि फिरते तंत्रज्ञ अशी यंत्रणा आधीच उभारली होती. परिणामी कोणत्याही दिवशी बहुसंख्य संच सुरू असत. सरकारी योजनांच्या इतिहासात ही साधी बाब नव्हती.

खेडा जिल्ह्याचा प्रयोग वेगळा कसा ठरला?

‘साइट’बरोबरच १९७५ मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पीज येथील छोट्या प्रक्षेपण केंद्रावरून एक स्थानिक प्रयोग सुरू झाला. ‘अमूल’च्या सहकारी चळवळीमुळे या जिल्ह्यातील गावे आधीच संघटित होती. येथे कार्यक्रम अहमदाबादच्या चमूने तयार केले, पण ते गुजरातीत आणि स्थानिक बोलीत, गावकऱ्यांना सोबत घेऊन. शेतमजुरांची मजुरी, जातिभेद, स्त्रियांची स्थिती असे अडचणीचे विषयही त्यात आले. ग्रामीण संवादाच्या या कामाला १९८४ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

खेडा आणि ‘साइट’ यांची तुलना उद्बोधक आहे. ‘साइट’मध्ये चित्र दूरवर पोहोचले, पण बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थानच्या गावांना दिल्लीत तयार झालेले हिंदी अनेकदा परके वाटले. खेड्यात आवाका लहान होता, पण बोलणारा माणूस आपल्यातला होता. मूल्यमापनासाठी काही गावांत मानववंशशास्त्राचे अभ्यासक मुक्काम ठोकून राहिले होते. सुरुवातीची मोठी गर्दी पुढे ओसरली आणि नियमित प्रेक्षक उरले. आरोग्य आणि कुटुंबनियोजनाविषयीची माहिती वाढली, आणि ती स्त्रिया व निरक्षरांमध्ये अधिक ठळकपणे वाढली. शेतीच्या पद्धतींत मात्र तसा बदल दिसला नाही. नव्या बियाण्याची माहिती पडद्यावर मिळते. बियाणे, पाणी आणि कर्ज पडद्यावर मिळत नाही. साराभाईंनी ‘अटिरा’त पाहिलेले सत्य येथे आकड्यांत दिसले.

मग खेडी पुन्हा मागे का पडली?

करारानुसार ३१ जुलै १९७६ रोजी प्रयोग संपला आणि उपग्रह परत गेला. जयपूर, हैदराबाद, रायपूर, गुलबर्गा, संबलपूर आणि मुझफ्फरपूर येथे नंतर जमिनीवरील प्रक्षेपण केंद्रे उभारण्यात आली, पण त्यांच्या टप्प्यात ‘साइट’च्या गावांपैकी काहीच आली. उरलेल्या गावांतील पडदे रिकामे झाले.

भारताचा स्वतःचा उपग्रह यायला वेळ लागला. एप्रिल १९८२ मध्ये सोडलेला इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला. ऑगस्ट १९८३ मध्ये अवकाशात गेलेला इन्सॅट-१बी यशस्वी ठरला. मात्र तोवर चित्र बदलले होते. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला. १९८४ मध्ये लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रांची झपाट्याने उभारणी झाली, पण त्यांचे टप्पे मुख्यतः शहरे आणि त्यांच्या आसपासच्या वस्तीचे होते. संच घरोघरी विकत घेतले जाऊ लागले आणि जाहिरातदारांना हवा असलेला प्रेक्षक शहरातच होता. गावचा सामुदायिक संच बिघडला तर दुरुस्त कुणी करायचा, याचे उत्तर राज्य सरकारे आणि केंद्र यांच्यात हरवले. उपग्रह साराभाईंच्या आराखड्याप्रमाणे आला, पण खेड्यापासून सुरुवात हा त्यातला क्रम निसटला.

आजच्या ग्रामीण ब्रॉडबँडशी याचा संबंध काय?

टीव्हीच्या जागी इंटरनेट ठेवले की प्रश्न तोच राहतो. फायबरचा खर्च अंतरानुसार वाढतो आणि विरळ वस्तीत ग्राहक कमी, म्हणून खासगी कंपन्या तेथे उशिरा जातात. ही तूट भरून काढण्यासाठी २००२ मध्ये सार्वत्रिक सेवा निधीची व्यवस्था झाली. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातील ठरावीक हिस्सा ग्रामीण सेवेसाठी वापरायचा, हे तिचे तत्त्व. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर या निधीला ‘डिजिटल भारत निधी’ हे नाव मिळाले. याच निधीतून सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, तीच पुढची ‘भारतनेट’. महाराष्ट्रात तिचा दुसरा टप्पा ‘महानेट’ या नावाने राबवण्यात आला. आजवर दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती सेवेसाठी सज्ज झाल्याची नोंद आहे.

पण ‘सज्ज’ आणि ‘सुरू’ यांत अंतर आहे. रस्त्याच्या खोदकामात तुटलेली केबल, वीज नसल्याने बंद पडलेले उपकरण, पंचायत कार्यालयाच्या कुलूपबंद खोलीपर्यंत आलेली पण शाळा, आरोग्य उपकेंद्र वा घरापर्यंत न गेलेली जोडणी, या तक्रारी अनेक राज्यांत आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १.३९ लाख कोटी रुपयांच्या सुधारित ‘भारतनेट’मध्ये एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने संदेश जाईल अशी वर्तुळाकार जोडणी आणि दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद करावी लागली, ती याच अनुभवातून. देखभाल हा योजनेचा पाया आहे, शेपूट नव्हे, हे ‘साइट’च्या तंत्रज्ञांनी १९७५ मध्येच दाखवून दिले होते.

मिश्र रचनेचा त्यांचा हिशेबही कायम आहे. जेथे फायबर नेणे अवघड, अशा काही हजार ग्रामपंचायतींना उपग्रहाचाच आधार घ्यावा लागला. अंदमानला २०२० मध्ये आणि लक्षद्वीपला २०२४ मध्ये समुद्राखालून केबल पोहोचेपर्यंत त्या बेटांची मदार उपग्रहांवर होती. २०१८ मध्ये सोडलेले जीसॅट-२९ आणि जीसॅट-११ तसेच नोव्हेंबर २०२४ मधील जीसॅट-एन२ हे दुर्गम भागांत ब्रॉडबँड देण्याच्या उद्देशाने तयार झालेले उपग्रह आहेत. भूस्थिर उपग्रहाची एक अडचण मात्र साराभाईंच्या काळात जाणवण्यासारखी नव्हती. संदेशाला ३६ हजार किलोमीटर वर जाऊन परत यायचे असल्याने प्रश्न आणि उत्तर यांत साधारण अर्धा सेकंद जातो. एकतर्फी टीव्हीला त्याने फरक पडत नाही, दुतर्फी संभाषणाला पडतो. काहीशे किलोमीटरवरून फिरणाऱ्या लहान उपग्रहांच्या ताफ्यांकडे जग वळले, त्याचे हे एक कारण. या सेवेचे दर गावाला परवडतील का, हा मुद्दा उरतोच.

साराभाईंच्या आयुष्याचा धडा कोणता?

साराभाईंना १९६६ मध्ये पद्मभूषण आणि मरणोत्तर १९७२ मध्ये पद्मविभूषण देण्यात आले. थुंबाच्या परिसरातील अवकाश केंद्राला त्यांचे नाव आहे, चंद्रावर उतरलेल्या भारतीय यानाचे नावही ‘विक्रम’ आहे. चंद्राच्या शर्यतीचे आकर्षण नाही असे सांगणाऱ्या माणसाचे नाव चंद्रावर पोहोचले. त्यांच्या मोठेपणाची मोजपट्टी मात्र जमिनीवरच शोधावी लागते. दूरच्या गावाला संपर्क देणे हा उपकार किंवा तोट्याचा व्यवहार आहे, ही समजूत त्यांनी हिशेब मांडून खोडली. योग्य तंत्र निवडले, तर दूरचे गाव महाग पडत नाही. ते महाग पडते, कारण आखणी करताना त्याचा विचार शेवटी होतो. त्याच वेळी तार किंवा तबकडी पोहोचली म्हणजे काम झाले असे नाही, गावाच्या भाषेतला मजकूर, दुरुस्ती करणारा माणूस आणि परिणामांचे प्रामाणिक मोजमाप या तीन गोष्टी सोबत जाव्या लागतात, हेही त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षभर राबवून दाखवले. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ब्रॉडबँडचा डबा लागला, की पुढचे तीन प्रश्न हेच असायला हवेत.